दानूताचं पातेलं

हूफडॉर्प,
१४ फेब्रुवारी २०२१

ती. नाना,

वाकून नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. गेल्या आठवड्यात इथले कालवे गोठले. ईशान बर्फावर तीनदा आपटला आणि तिन्ही वेळा डचमध्ये रडला. आई यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे. शिरीषचं आणि माझं ऑफिस अजून जेवणाच्या टेबलावरच भरतं. तुमच्या वयाच्यांना लस कधी, काही कळलं का?

फोनवर आई मध्येच बोलते आणि तुम्ही तिला बोलू देता, म्हणून हे पत्र. पोचायला महिना लागला तरी लागू दे.

दर रविवारी तुम्ही विचारता, "त्या सार देणाऱ्या बाईंचं पातेलं परत केलंस का? रिकामं नाही ना दिलंस?" आणि मी म्हणते, "केलं हो नाना, करंज्या घालून." नाना, ते पातेलं माझ्याकडेच आहे.

दानूता शेजारच्या नऊ नंबरमध्ये राहायची. पोलंडची, माझ्याच वयाची असेल. त्या घरात एका एजन्सीने टोमॅटोच्या पॅकिंगला जाणारी माणसं ठेवली होती. सगळं जग घरात बसलेलं असताना पहाटे पावणेपाचला त्यांची व्हॅन यायची. हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "म्हणजे कॉट बेसिसच की!" मग चिंचवडच्या त्या खोलीतले तुम्ही सात जण, आणि दिवसपाळीचा उठला की त्याच्या गरम गादीवर पडणारा रात्रपाळीचा, हे सगळं पुन्हा एकदा ऐकवलंत. मीही हसले होते.

ऑक्टोबरमध्ये आम्हाला कोविड झाला तेव्हा दहा दिवस तिने दारात पातेलं ठेवलं. बिटाचं सार म्हणा. मांस नाही ना, हे मी पहिल्या दिवशी हातवारे करून विचारलं, तर ती हसून हसून वाकली.

नोव्हेंबरात समोरची मरायके आली. नऊ नंबरबद्दल नगरपालिकेला तक्रार करायची होती. म्हणाली, "तू लिही. आम्ही लिहिलं तर लोक म्हणतील परक्यांचा राग करतात. तुझं नाव पहिलं असलं की तसं कोणी म्हणणार नाही. तुम्ही तर आमच्यातलेच."

नाना, मला आनंद झाला. चार वर्षांत हे कोणी पहिल्यांदा म्हणालं होतं. दोन वर्षं क्लासला जाऊन शिकलेलं डच अखेर कामी येणार होतं. शब्दकोश घेऊन बसले. पत्रात एकही चूक नाही, असं मरायके म्हणाली.

घरात फार माणसं आहेत, गाड्यांना जागा उरत नाही, इथवर खरं होतं. पुढे मी लिहिलं, की ही माणसं अंतर पाळत नाहीत, आम्हाला मुलांची काळजी वाटते. आमच्या गल्लीत कोविड आला तो आमच्याच घरी. आणि पातेलं ठेवून चार पावलं मागे जाऊन उभी राहायची ती दानूता.

दिवाळीत करंज्या केल्या, पातेल्यात भरल्याही. पण पत्र आदल्या दिवशी गेलं होतं. तिच्या दारापर्यंत जायला पाय उचलेना. करंज्या आम्हीच खाल्ल्या.

डिसेंबरात तपासणी झाली. परवानगी चौघांची, निघाले नऊ. एजन्सीने त्याच दुपारी व्हॅन पाठवली आणि कामही काढून घेतलं. त्यांचं घर आणि नोकरी एकाच कागदावर असतात. माझाही इथला मुक्काम नोकरीवरच आहे, पण माझी गेली तर मला तीन महिने मिळतात. तिला ती दुपार मिळाली. मी हेडफोन लावून खिडकीशी होते. तिने हात केला. तिला वाटलं, मी निरोप द्यायला उभी आहे. मीटिंग संपायला दहा मिनिटं होती. मी मीटिंग पुरी केली, तोवर व्हॅन गेली होती.

शिरीष म्हणतो, तू नसतं लिहिलंस तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. असेल. पण लिहिलं मी, आणि मला त्याची लाज वाटते.

काल एजन्सीला पत्र लिहायला बसले. तक्रारीतलं खोटं काय ते सांगायचं आणि ती कुठे आहे ते विचारायचं. तुम्ही कंपनीतल्या लोकांना अर्ज लिहून द्यायचात, तेव्हा मला सांगायचात, "ज्याच्यासाठी लिहायचं त्याचं पूर्ण नाव पहिल्या ओळीत. नाहीतर साहेबाला माणूस दिसत नाही." मी पहिल्या ओळीतच अडले. दहा दिवस तिच्या हातचं जेवले आणि तिचं आडनाव मला माहीत नाही.

तरी पत्र आज टाकलं. नुसतं दानूता लिहिलं, आणि घर नंबर नऊ. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, फोन.

हे आईलाही वाचून दाखवा. आणि हे पत्र मिळाल्यावरच्या रविवारी नेहमीसारखं पातेल्याचं विचारा, नाना. रागवा हवं तर, पण विचारा. तुम्ही विचारायचं थांबलात, तर मी काय ते समजेन.

तुमची,
वसुधा