लाह्यात बांधलेली शाळा

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून आता मी पुष्कळ म्हातारा झालो आहे. मला ‘अरे’ म्हणणारं कुणी उरलं नाही. तरी कागद समोर घेतला की अजून आधी दोन बोटं समास सोडतो, तुम्ही शिकवला तसाच. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, पण समास सोडलाय.

एरंडोलला चौथीत तुम्ही ‘मी पाहिलेली जत्रा’ असा निबंध घातला होता. मी पद्मालयाची जत्रा लिहिली, पाळणे, रेवड्या आणि एक हत्ती, सगळं झोकात. गेलो होतो कुठं? घरी तापानं पडलो होतो. तुम्ही वाचलंत, छडी उचललीत आणि परत ठेवलीत. ‘‘हत्ती कुठून आणलास रे? न पाहिलेलं लिहायचं नाही आणि पाहिलेलं गाळायचं नाही. एवढं आलं तरी चौथी पास.’’ मग तो हत्ती माझ्याच हातानं खोडायला लावलात. मला त्या हत्तीचं फार वाईट वाटलं होतं.

स्वातंत्र्य आल्यावर तुम्ही स्वतः मागून शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या एका वस्तीवर बदली घेतलीत. एरंडोलात लोक हसले. सुखाचा जीव दुःखात घालायला निघाले म्हणाले. मी तोवर ओव्हरसियर होऊन धुळ्याला एका ऑफिसात चिकटलो होतो, नोकरी अजून कच्ची होती. तिथं एक दिवस टेबलावर फाइल आली. डोंगरातल्या आदिवासी गावांना शाळेच्या इमारतीसाठी सरकारी अनुदान मिळणार होतं. अटी दोन. मंजुरीच्या आधी बांधकाम सुरू झालेलं नसावं, आणि ज्या वस्तीला मंजूर इमारत मिळणार नाही तिथली शाळा खालच्या, रस्त्यावरच्या गावात हलवावी. अर्जाखाली तुमची सही होती. इतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार? मी साहेबांना म्हणालो, पाहणीला मी जातो.

बसनं शिरपूर, पुढं बैलगाडी आणि मग पायी. मोहाची फुलं सरली होती आणि ऊन असं की डोक्यावरची टोपी तापत होती. नदी तेव्हा कोरडी होती. वर चढून येतो तर समोर तुम्ही उभे, धोतर गुडघ्यापर्यंत, अंगाला चिखल. ‘‘या साहेब,’’ म्हणालात आणि हसलात. तुमच्या मागं शाळा उभी होती. कुडाच्या भिंती, चिखलानं लिंपलेल्या. वर गवताचं छप्पर. दार अजून नव्हतं.

मंजुरी तर अजून निघायची होती. मी विचारलं, ‘‘गुरुजी, हे कधी झालं?’’ तुमच्याऐवजी गावाचा कारभारी बोलला. मोठ्या कौतुकानं सांगत होता बिचारा. ‘‘गुरुजीनी सांगं, सरकार शाळा देनार शे. सरकारनी सबद दिधा, मंग वाट कसानी देखानी? बठ्ठा गाव उना, लाहा करा. तीन दिनमा शाळा उभी.’’

लाहा म्हणजे काय ते तुम्ही मला तिथंच समजावलंत. एकाच्या कामाला सारा गाव बिनमजुरीनं हात लावतो आणि ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. तिथं कुणी शब्द दिला की दुसऱ्या दिवशी खांब घेऊन हजर व्हायचं. कागदाची वाट पाहणं म्हणजे देणाऱ्याला खोटा ठरवणं. सरकारनं शब्द दिला होता, म्हणून त्यांनी सरकारचा मान राखला. तुम्ही तीन दिवस पगारासाठी शिरपूरला गेला होतात. परत येऊन पाहता तर हे. रागवायचं तर कुणावर?

प्रत्येक घरानं आपापला खांब आणला होता. शाळेला लागूनच राहणाऱ्या एका म्हातारीकडे नवं लाकूड नव्हतं, तर तिनं गोठ्याचा मधला खांब काढून दिला. तो गोठा एका बाजूला झुकलेला होता. मी विचारलं तेव्हा ती बोळक्या तोंडानं हसली आणि गाय काय आत राहील, काय बाहेर राहील, असं काहीसं म्हणाली. पोरांनी ओल्या भिंतीवर हाताचे ठसे उमटवले होते. दारच्या चौकटीपासून सुरू करून पार मागच्या कोपऱ्यापर्यंत.

दुपारी त्यांनी मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, वर लसूण-मिरचीचा ठेचा. मी भुकेला होतो, आडवा हात मारला. कारभारी म्हणाला, ‘‘भाकर खादी ना साहेब? मंग तू बी लाहामा उना.’’ सगळे हसले. मीही हसलो.

निघताना तुम्ही मला झाडाखाली बाजूला घेतलंत. आयुष्यात कुणाकडे काही न मागणारा माणूस, तुमचा आवाज बारीक झाला होता. ‘‘चूक माझी आहे. अटी मी त्यांना नीट सांगितल्या नाहीत. पण शाळा खाली गेली तर पावसाळ्यात नदी ओलांडून एक पोर येणार नाही. बांधकाम सुरू नाही, एवढं लिहिशील का?’’

आणि मी, उंटावरचा शहाणा, म्हणालो, ‘‘गुरुजी, न पाहिलेलं लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.’’

 तुम्ही म्हणालात, ‘‘बरोबर आहे साहेब.’’ या वेळी ‘साहेब’ म्हणताना हसला नाहीत. तरी गावानं बांधून ठेवलेली चारोळीची पुरचुंडी स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत घातलीत.

मी अहवाल लिहिला. मंजुरीपूर्वी बांधकाम केले आहे, भिंती कुडाच्या, छप्पर गवताचे, नकाशाप्रमाणे नाही. सगळं खरं होतं. अनुदान नामंजूर झालं आणि जूनमध्ये शाळा खाली हलली. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. पूर आला की पोरं वर अडकायची. तुम्ही रविवारी आणि सुटीच्या दिवशी नदी उतरून वर जायचात आणि त्याच कुडाच्या शाळेत त्यांना शिकवायचात. दोन पावसाळे तुम्ही हे केलंत. तिसऱ्यात हिवताप झाला.

ते मला शिरपूरच्या बसस्टँडवर कळलं. कारभारी भेटला, त्यानंच ओळखलं. मला वाटलं, आता हा चारचौघांत माझी चंपी करणार. करायलाच हवी होती. तो शेजारी बसला, विडी पेटवली, तुम्ही गेल्याचं सांगितलं आणि माझी समजूत घालायला लागला. म्हणाला, आम्ही तुला नावं ठेवली की गुरुजी आम्हालाच रागवायचे. ‘‘गुरुजी सांगेत, मना पोऱ्यानी जे देखं तेच लिखं.’’

मी मान हलवली आणि धुळ्याच्या बसमध्ये चढलो. त्याला म्हणालो नाही की असं नाही रे बाबा.

तुम्हाला सांगतो. त्या अहवालात शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कनं नंतर मला सांगितलं, ‘‘तिथं दोन ओळी टाकल्या असत्यास, गावानं विश्वासानं बांधलंय म्हणून, तर साहेबांनी विशेष बाब म्हणून सोडलं असतं. आधी दोनदा सोडलंय.’’ खोटं लिहायची गरजच नव्हती. पण शिक्षक माझे गुरुजी, हे साहेबांना कळलं तर पक्षपात म्हणतील आणि नोकरी पक्की व्हायची राहील, ही भीती. मी तो रकाना कोरा ठेवला.

तुमच्या धड्याचा अर्धाच भाग मी तुमच्या तोंडावर फेकला, गुरुजी. म्हातारीचा गोठा एका बाजूला झुकलेला होता. मी तो पाहिला होता आणि गाळला.