पोरीच्या छातीतली पिशवी

कळसाडी, ५ एप्रिल २०२६

चि. भाग्येश यास शोभाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर ऐकलेलं मी दुसऱ्याला सांगेपर्यंत विसरते, म्हणून तूही लिहूनच पाठव. माझी सून रुपा, तिच्या चार महिन्यांच्या पोरीला दूध पिताना धाप लागायची. सुरतेत तपासलं, तर श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये पाण्याची पिशवी निघाली. ऑपरेशन लागेल म्हणाले. भाद्रपदातल्या ग्रहणात सातव्या महिन्याची रुपा भेंडी चिरत होती, त्याचंच हे, असं आमच्या ह्यांनी, तुझ्या गिरधरमामांनी, मनात धरलंय. सुनेशी बोलणंच सोडलं. ती पोरीला पाजते आणि स्वतःचं ताट सारून देते. तू ऑपरेशनात काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा डॉक्टर. खरं काय ते कळव. चहावर जगू नकोस. सोबत मिरची पाठवतेय.

तुझी वाट बघणारी,
आत्या

पुणे, ११ एप्रिल

ती. आत्यास भाग्येशचा सा. न. वि. वि.

मिरची पोचली. खोलीतला मित्र एका घासात रडला.

हे पत्र गिरधरमामांनाच मोठ्याने वाचायला लाव. गर्भात सुरुवातीला एकच नळी असते. तिच्यापासून श्वासनळी आणि अन्ननळी दोन्ही होतात. तेव्हा एखादा कोंब बाजूला राहून गेला, तर त्याची बंद पिशवी बनते. हे चौथ्या-पाचव्या आठवड्यातलं, म्हणजे गेल्या वर्षीच्या पाडव्याच्या आसपासचं. वहिनींना दिवस गेल्याचं तेव्हा धड कळलंही नसेल. ग्रहण त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आलं.

अशा पिशव्या तीन जातीच्या. भिंतीत कूर्चा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असतं तसं मऊ हाड सापडलं, तर श्वासनळीची. स्नायूंचे दोन थर असले, तर अन्ननळीची. तिसरी मणक्याशी जोडलेली असते. ती शक्यता ऑपरेशनआधीच तपासायची, म्हणून मणक्याचा एमआरआय झालाय का, तेवढं डॉक्टरांना नक्की विचारा. बाकी जात पिशवी काढल्यावरच ठरते. पूर्ण निघाली की बहुतेक मुलं छान वाढतात.

वहिनींना जेवायला घाल. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
भाग्येश

सुरत, २ मे

भाग्येश भाऊजींना रुपाचा सप्रेम नमस्कार.

मणका स्वच्छ निघाला. ऑपरेशन झालं, पिशवी अखंड निघाली. इथल्या डॉक्टरांना अन्ननळीची वाटत होती, पण रिपोर्टात कूर्चा आली, म्हणजे श्वासनळीची. पोरगी आता दूध एका दमात पिते आणि वर माझ्यावरच रागावते.

तुमचं पत्र मामांनी वाचलं. पाडव्याच्या ओळीपाशी थांबले, बोटांवर महिने मोजले आणि शेतात निघून गेले. मला वाटलं, पटलं नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी आमच्याआधी तेच गाडीत बसले होते.

काल शेजारच्या खाटेवरच्या आजी मला विचारत होत्या, पोटुशी असताना काय पाळलं नाहीस म्हणून. मी मान खाली घातली. दाराशी उभे असलेले मामा आत आले आणि त्यांना शांतपणे म्हणाले, “मन्ही सूननी काहीच चूक नही, माय.” मग माझ्या मांडीवरून पोरीला उचलून घेतलं आणि मला जेवून यायला सांगितलं.

मी पोटभर जेवले, भाऊजी.

आम्हा दोघींवर अशीच माया असू द्या.

तुमची,
रुपा वहिनी