बगळा माझा, उजेड पलीकडचा

मी, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसायाने रंगीत काचेची तावदाने घडवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव नाही, पण त्रास आहे. हे टेबल डुगडुगते. सुताराने ते सरळ करायला दर वेळी वेगळाच पाय कापला. तेव्हा अक्षर वाकडे आल्यास माझ्या डोक्याबद्दल शंका घेऊ नये, सुताराच्या घ्यावी. परवा माझी दुसरी शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

कलम १. घराचा माझा अर्धा भाग भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. दोन्ही अर्ध्यांत न विचारता जेवणारी ती एकटीच.

कलम २. काचकटर, पकडी, सोल्डरिंगचे सगळे सामान भावजयीला. "वन्सं, मला नाही हो जमायचं," म्हणत तिने माझ्या उरलेल्या तुकड्यांचा एक मासा करून खिडकीत लावला. तो माझ्या माशांपेक्षा बरा आहे. हे ती वाचेल तेव्हा मी जागेवर नसेन, हे उत्तम.

कलम ३. माझे जुने गिऱ्हाईक असलेल्या दंतवैद्यांना माझा जाड पडदा. न्हाणीघराच्या दाराला दुधी काच घ्या म्हटले, तर म्हणाले, "पारदर्शकच हवी, मोकळं वाटतं." पुढे पाहुण्यांसमोर मलाच बोल लावला. आता झाका.

कलम ४. मुख्य भांडण. आईवडिलांनंतर धाकट्या भावाने आणि मी घरात मधोमध भिंत घातली. जुन्या दाराच्या जागी मी काचेचा बगळा बसवला, लव्हाळ्यासकट. उजेड यावा, तोंडे दिसू नयेत, एवढाच हेतू. रागाच्या भरात एक गोष्ट विसरले: रंगीत काच खुलते ती पाठीमागच्या उजेडाने. म्हणजे बगळा माझा, वीजबिल भावाचे! त्याच्या हे लक्षात आले आणि त्याने त्या खोलीतला दिवाच बंद केला. मग मीही माझा केला. भावजय कुरकुरली, "वन्सं, अंधारात गुडघे फुटले आमचे. पण हे म्हणतात, ताईच्या पक्ष्याला उजेड मिळता कामा नये."

आता त्याचे म्हणणे, "ताई गेली की तिथे विटा घालू, टीव्ही लावू."

तर भाचीला घर मिळेल ते एका अटीवर. बगळा काढायचा नाही, बुजवायचा नाही. एक संध्याकाळ इकडचा दिवा, दुसरी संध्याकाळ तिकडचा. भाऊ कोर्टात गेल्यास त्याला माझ्यातर्फे चहा द्यावा, तिथे फार वेळ लागतो.

स्थळ: माझ्या अर्ध्या घरातली मधली खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार. आकडा वकीलसाहेब घालतील.
सही: ताई
साक्षीदार: १. सुतार (नाइलाजाने) २. कोपऱ्यावरचे औषधवाले

सह्यांखालचा मजकूर कायदा धरत नाही, म्हणून हे इथे लिहिते. मागच्या वेळी दवाखान्यातून आले तेव्हा पलीकडचा दिवा रोज संध्याकाळी लागत होता. मी अंथरुणावरून बगळा बघायची. आजही तो लागला आहे.

साक्षीदार गेल्यावर मी आज माझ्या बाजूचा दिवा लावला.

"अहो, वन्सं दिवा बंद करायला विसरल्या वाटतं," पलीकडून भावजय म्हणाली.

"विसरली नाही. तू आपल्याकडचा बंद कर," भाऊ म्हणाला.

मग बगळ्यासमोर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.