दाखल केल्याची आठवण

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण मला भीती वाटते आहे आणि ती ज्याच्याजवळ बोलावी असा माणूस पुसदच्या कोर्टात मला दिसत नाही. रविवार आहे. बाररूमची किल्ली मागून घेतली आणि खिडकीपाशी येऊन बसले. आवारात दोन कुत्री सोडली तर कुणी नाही. काळा कोट घरीच ठेवला आहे. तो अंगावर नसताना या खोलीत बसायची ही माझी पहिलीच वेळ.

फुलसावंगीकडच्या एका बाईचं काम माझ्याकडे आहे. शेताच्या धुऱ्यावरून भावकीत भांडण झालं, डोकी फुटली आणि तिचा नवरा यवतमाळच्या तुरुंगात गेला. मी त्याचा जामीन करून घेतला. जामीनदार न्यायाधीशांनी मान्य केला, आता फक्त त्याच्या ऐपतीचा तहसीलचा दाखला जोडायचा राहिला होता. तो जोडला की सुटकेचा आदेश निघणार. गुरुवारी तिने तो दाखला माझ्या हातात दिला. शुक्रवारी सकाळी मी तिला फोनवर सांगितलं, ‘काल दिलाय, आज सुटतील.’ ती दोन एसट्या बदलून यवतमाळला गेली. नवरा सुटला नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, आदेश पोचायला उशीर होतो, थोडं थांबा. पुढे शनिवार, रविवार, सोमवारी सुट्टी. मंगळवारी ती थेट कोर्टात आली.

‘बाई, कागद कुठी अडकला?’ तिने विचारलं. ‘मी गुरुवारीच दिलाय,’ मी चिडून म्हणाले, आणि तिला घेऊन कारकुनाच्या टेबलाशी गेले. सर, मला ते स्वच्छ आठवत होतं. त्याने शिक्का मारला, शाई थोडी पसरली, मी कागदावर फुंकर घातली. सगळ्यांसमोर मी त्याच्यावर आवाज चढवला. त्याने आवक वही उघडून माझ्यापुढे सरकवली. ‘मॅडम, गुरुवारी तुम्ही इकडे आल्याच नाही,’ तो हळू आवाजात म्हणाला. मी बॅग उघडली. दाखला आतच होता. तिने घातलेली घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तिथल्या तिथे तो दाखल झाला आणि बुधवारी तिचा नवरा सुटला. म्हटलं तर प्रकरण तिथे संपतं. पण माझ्यासाठी ते संपलं नाही. कागद विसरणं मला कळतं, आपण सगळेच विसरतो. मला मात्र न घडलेली गोष्ट आठवत होती, शाईसकट.

मी तुमच्या हाताखाली वकिली करत होते, तेव्हा तुमचंही असंच सुरू झालं होतं. एका सकाळी तुम्ही न्यायाधीशांना सांगितलं की या साक्षीदाराचा उलटतपास तुम्ही कालच संपवला. साक्षीदाराला तर अजून कुणी पिंजऱ्यात बोलावलंही नव्हतं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी उठून म्हणाले, सरांना दुसरा खटला म्हणायचा आहे. बाहेर व्हरांड्यात तुम्ही माझ्या हातातली फाइल हिसकावलीत. ‘मले सावरू नको, पोरी. माह्या पक्षकाराले सावर!’ मला वाटलं तुम्ही रागावलात. तुम्ही घाबरला होतात, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्यानंतर तीन वर्षं मी तुम्हाला सावरत राहिले. तुमच्या डायरीत तारखा मी लिहीत होते, तुम्ही थांबलात की पुढचं वाक्य मी पुरवत होते. वकिलांच्या बारमध्ये सगळे माझं कौतुक करायचे.

एक गोष्ट तुम्हाला कधीच कळली नाही. महागावकडच्या एका माणसाच्या अपिलाची मुदत तुमच्या हातून गेली. त्याने बार कौन्सिलकडे तक्रार लिहिली. याच खोलीत बारमधले आम्ही काही जण बसलो आणि ठरलं, की या वयात सरांची वकिलीची सनद जायला नको. त्याला समजवायला मला पाठवलं. मी त्याच्या ओट्यावर बसले, त्याच्या घरचा चहा प्याले आणि तुम्ही आजारी असल्याचं सांगितलं. ‘आजारी हायेत तर त्यायले कोर्टात उभं कायले करता?’ तो म्हणाला. तरीही त्याने तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली, कारण कधीकाळी त्याच्या बापाला तुम्ही सोडवलं होतं. ज्या घराच्या जागेसाठी अपील होतं, ती त्याच्या भावाकडे गेली. आम्ही याला आदर म्हणालो. तुम्हाला डॉक्टरकडे नेऊ, असं आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही.

मंगळवारी दुपारी बारच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस आहे, तुमची सनद वाचवायच्या त्या बैठकीतही होता. ‘ताई, कायले घाबरता? कागद टेबलावर दबून राह्यला होता म्हणू. कारकुनाले मी सांगतो. बाईच्या घरीही जाऊन येतो.’ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर आम्हीच वकिलांसाठी लावलेली सूचना होती: कामाचा ताण, झोप, दारू, मनाचं काहीही असो, फोन करा, नाव बाहेर जाणार नाही. खाली नंबर माझा. वर्षभरात त्यावर एकही फोन आलेला नाही. का येत नाही, ते मला त्या क्षणी कळलं.

मी त्यांना म्हणाले, जायचं तर मी जाईन. नवरा सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी गेले. नवरा बाजेवर बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिला सांगितलं की कागद माझ्याच बॅगेत होता आणि मी दिला असं मला खरंच वाटत होतं. ती निवडायला घेतलेली तूर तशीच मांडीवर धरून ऐकत होती. ‘शुक्रवारी मी सांजपर्यंत त्या फाटकापाशी बसून होती,’ ती म्हणाली. ‘ह्यायचा धुतलेला सदरा होता संग. लोकं पाहून राह्यले होते.’ मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही, कळलं नाही. मग तिने विचारलं, ‘बाई, अजून कोणाकोणाचं असं झालं असन?’

सर, मी त्या प्रश्नाला घाबरले. अजूनही घाबरलेलीच आहे. तक्रार कुठे करायची ते तिने विचारलं, तेव्हा बार कौन्सिलचा पत्ता मी माझ्या हाताने लिहून दिला. ती पाठवेल का, माहीत नाही. शुक्रवारी आणि काल एका सहकाऱ्याला सोबत बसवून माझ्या सगळ्या फाइली तपासल्या. आणखी दोन निघाल्या, ज्यांत न केलेलं काम झाल्याचं मला आठवत होतं. एकीची मुदत अजून शिल्लक आहे. दुसरीची गेली. त्या माणसालाही सांगावं लागेल. अध्यक्षांना लेखी दिलं की माझी कामं दुसऱ्यांकडे द्या, डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत मी कोर्टात उभी राहणार नाही. त्यांनी कागद वाचला आणि घडी घातली. ‘विचार करा, ताई. एकदा बोभाटा झाला की पक्षकार परत येत नाहीत,’ ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

उद्या यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते काय सांगतील याच्या भीतीने सकाळपासून मी पाढे म्हणून पाहते आहे, आईच्या माहेरच्या माणसांची नावं आठवून पाहते आहे. सगळी येतात. पण बरोबर येतात का, हे मला कोण सांगणार? तुम्हालाही असं वाटायचं का, गर्दीत, आम्ही सगळे तुमच्याभोवती असताना? मी कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते माझ्यापाशीच राहील. त्या बाईला मी तोंडावर सांगितलं, अध्यक्षांना लेखी दिलं. घरी मात्र सांगितलंय की उद्या जिल्हा कोर्टात तारीख आहे.