सोवळ्याच्या तारेवर बांधलेली वीज

उस्ताद, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि मी अजून एका गावी टिकलो नाही. काल पाथरीत होतो, आज सोनपेठच्या बाजारात. तुमची रबरी मुठीची पकड मात्र पिशवीत आहे. जिनिंगच्या इंजिनखोलीत ती देताना तुम्ही म्हणाला होतात, "बेटा, परवान्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नको. इंजिन बिघडलं की बंद पडतं. घरातली तार बिघडली तरी चालूच राहते." मी हो म्हणालो. लक्ष बाहेर होतं, सरकीच्या ढिगावर दोन बकऱ्या चढल्या होत्या.

तुमच्यामागं वर्षभरातच शेजारच्या वकिलांचं काम चोरून घेतलं. परवाना नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. जिनिंगच्या डायनामोवरून तार ओढायची, स्वयंपाकघरात एक दिवा. तिथं आढ्याखाली लोखंडी तार ताणलेली, सोवळ्याची लुगडी काठीनं वाळत घालायची. मला वाटलं, आयताच आधार मिळाला. माझी तार तिलाच गुंडाळून नेली. दोन महिन्यांत वरचं रबर घासलं असेल. लुगडं काढताना वकिलांच्या आईच्या हाताला झिणझिण्या यायला लागल्या, आणि त्या सुनेवर घसरल्या. "ओवळ्यात शिवलीस तू. सोवळं झटके द्यायलंय मला." सून म्हणाली, "मी काठीसुद्धा धरली नाही, आत्याबाई." मी ओसरीवर ऐकतोय, मला कळलंय, आणि मी काय करतो, तर उद्या येऊन बघतो म्हणून उठतो. मानवतला तमाशा आलाय असं कुणीतरी म्हणालं, तिकडं गेलो.

तिसऱ्या दिवशी ती सून न्हाऊन ओलेत्यानं आली आणि आपण शुद्ध आहोत हे दाखवायला ओट्यावर चढून तिनं लुगड्याबरोबर तारच धरली. सुटेना. सासूबाईंनी त्याच सोवळ्याच्या काठीनं तिचा हात हाणून सोडवला. जीव वाचला. दोन बोटं वळत नाहीत.

वकिलांनी मला बोलावून विचारलं, असं बांधायला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. का, ते अजून उमगत नाही. मेलेल्याला कोण जाब विचारणार, असं वाटलं होतं का? वकिलांनाही सुटल्यासारखं झालं असेल, बिनपरवान्याचं काम देणारे तेच, कोण जाणे. हा कागद पकडीभोवतीच गुंडाळून ठेवणार, पाठवू तरी कुठं? वकील म्हणाले, "उस्तादांनीच? मग तुझा काय दोष." आणि आतून चहा मागवला.

मी तो सगळा प्यालो, उस्ताद.