धोंडाबाईची मेंढरं आणि आमचं रान

मोहोळ, ४ एप्रिल १९८१

आज बाजारात धोंडाबाई भेटली. पाच वर्षांनी! दर उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा सांगोल्याकडून मेंढरं घेऊन यायचे आणि चार दिवस आमच्या रानात बसवायचे. लेंडीखतानं माती इतकी भुसभुशीत व्हायची की पाय रुतायचे. शाळेत शिकवून आले की मी तिच्याजवळ जाऊन बसायची. ती लोकर कातायची, मी बोलायची. या गावात तेवढंच माझं माहेर.

मग ह्यांनी पोत्यातलं रासायनिक खत आणलं आणि धोंडाबाईला बोलावणं थांबलं.

"बाई, आमाला इसरलासा की," ती म्हणाली. मला इतकी लाज वाटली! मी तिला तशीच रानात घेऊन आले. तिनं एक ढेकूळ उचलून दोन्ही हातांनी दाबलं. फुटेना. "लई टणक झालंय वो. गांडूळ बी न्हाय हितं."

पहिली दोन वर्षं ज्वारी दणकून आली, हे खरं. पण आता पाणी मुरतच नाही, वरच साचतं. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. बोलले नाही.

संध्याकाळी ते ढेकूळ ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "पोत्यातलं खत लागंलच. पण मेंढरं बंद केली, ते चुकलं. बोलाव त्यास्नी. कुटं उतरल्यात?"

मला सांगता येईना. इतकं बोललो दोघी, आणि तेवढंच विचारायचं राहिलं.