तुळशीपुढील दिवा आपोआप लागू नये, याची व्यवस्था

सर्वप्रथम क्षमा मागते. जिच्या नावावर जमीन नाही, दागिना नाही आणि चार माणसांत उभे राहून सलग चार वाक्ये बोलण्याचे धैर्य जिला आजवर झालेले नाही, तिने मृत्युपत्र लिहायला बसावे, हे कोणालाही अगाऊपणाचे वाटेल. मलाही वाटते. परंतु जे तोंडाने सांगता येत नाही ते लिहून देण्याची सवय मला शाळेपासून आहे, आणि सोमवारनंतर सांगायला मी असेन की नाही, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत.

मी, सेजल पांडुरंग कांबळी, वय सत्तावीस, अविवाहित, राहणार पार्से, तालुका पेडणे, गोवा, वाचनालयात साहाय्यक, बांबोळी येथील रुग्णालयाच्या खाटेवर बसून हे लिहीत आहे. माझे डोके ताळ्यावर आहे. थकले आहे ते शरीर. लहानपणीच्या तापाने हृदयाची एक झडप निकामी झाली असून सोमवार, १७ नोव्हेंबर रोजी ती बदलणार आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधी मी असे पत्र केलेले नाही. वकील अश्विनीताई तळकर यांनी हा मसुदा तपासून शनिवारी नोटरींपुढे माझी सही घ्यावी.

कलम १. पार्से येथील घरात माझा जो काही वाटा असेल आणि पोस्टात जी शिल्लक असेल, ती सर्व आई शालिनी पांडुरंग कांबळी हिला मिळावी. अश्विनीताई म्हणाल्या की आपल्याकडच्या कायद्याने निम्मे आईचेच असते, उरलेल्या निम्म्याचेच काय ते मी ठरवू शकते. तर ते निम्मेही तिचेच.

कलम २. दहावीला तालुक्यात मराठीत पहिली आले म्हणून मिळालेला शब्दकोश वाचनालयास द्यावा. बाकीची पुस्तके वाचनालयाचीच आहेत. पाच परत करायची राहिली आहेत, ती खिडकीतल्या पिशवीत आहेत.

कलम ३. घरातील विजेची स्वयंचलित कामे. ही मी हौसेने सुरू केली असे लोक समजतात. खरे कारण असे की काजूंच्या बागेतल्या विहिरीपर्यंत चालत जाऊन पंप चालू करणे मला विसाव्या वर्षीच जड जाऊ लागले होते. म्हणून पंपाला फोनवरून चालणारी कळ बसवली. मग जिन्याच्या पायऱ्यांखाली एलईडीच्या पट्ट्या आल्या, पाऊल पडले की उजळणाऱ्या. कारण वर चढताना मला मध्ये थांबावे लागे, आणि थांबायचे तर निदान उजेडात. चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांवर पडणारा पिवळा उजेड मात्र केवळ हौसेचा होता, हे कबूल करते. हे सर्व जसे आहे तसे आईच्या उपयोगात राहावे. प्रत्येक वायरीवर मराठीत चिठ्ठी बांधली आहे.

कलम ४. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, दोन पकडी, उरलेल्या पट्ट्या आणि छोटे बोर्ड पेडणे बाजारातील विजेच्या दुरुस्तीवाले विठूदादा यांना द्यावेत. सुरुवातीला त्यांच्या दुकानात मी तोंड उघडत नसे. सामानाची चिठ्ठी पुढे करी. ते ती चिठ्ठी साऱ्या गिऱ्हाइकांपुढे मोठ्याने वाचत, "बारा व्होल्टांची पट्टी, पाच मीटर, कृपया. कृपया! आयकलात? माज्या दुकानात पयल्यांदाच कृपया इला!" मी लाजेने मरे. पण त्याच दुकानात स्टुलावर बसवून त्यांनी मला डाख द्यायला शिकवले, आणि त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. साक्षीदार म्हणून मला तेच हवे होते. परंतु ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम असल्याचे कळते. विठूदादांनी सहीऐवजी पकड पसंत करावी.

कलम ५. एक जुने देणे फेडायचे आहे. सहा वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोफत वर्गात नाव घालायला गेले असता तेथील शिक्षक विशाल सर म्हणाले, "मराठी मीडियम? गो बाय, हंय सगळां इंग्रजीत आसता. तू आपली कविता कर." मी परत आले. ही गोष्ट विठूदादांना चिठ्ठीवर लिहून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "शॉक बसलो काय इंजिनेरय आपल्याच भाशेंत बोंब मारता. बस तू हंय." त्यानंतरच्या वर्षांत प्रत्येक सुट्या भागाची माहितीपत्रके वाचून मी त्यांचे मराठीत टाचण केले. अशा तीन वह्या झाल्या. मूळ वह्या वाचनालयात ठेवाव्यात, ज्या मुलीला हव्या तिला घरी नेऊ द्याव्यात. एक झेरॉक्स प्रत विशाल सरांना पोचवावी. सोबत टोमणा लिहू नये. मी कविता मात्र कधीच केली नाही, एवढे कळवावे.

कलम ६. आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते.

आमच्या घरी आत्या होती, चंद्रावती. तुळशीपुढे तिन्हीसांजेला दिवा लावणे हे तिचे काम. शेताच्या मेरेपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, वत्सलाकाकींचे घर आहे. त्यांच्या पडवीतून आमची तुळस समोर दिसते. दिवा दिसला की पलीकडे कळे, कांबळ्यांकडे सगळे बरे आहे. काकींचा दिसला की आम्हाला कळे. हे कोणी ठरवलेले नव्हते.

आत्याचे गुडघे गेले तेव्हा मी तुळशीच्या चौथऱ्यावर पितळी पणतीत एक लहानसा एलईडी बसवला. उजेड कमी झाला की तो आपणहून लागे. आत्याला तो फार आवडला. "तेल नाका, माचीस नाका, वाऱ्याचो भंय नाय!" पण लगेच म्हणाली, "लोकांक सांगा नको हां. म्हातारेक दिवो लावूक होवना म्हणतीत." म्हणून मी कोणालाही सांगितले नाही. न सांगणे मला सोपेच जाते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या तपासण्यांसाठी मी आणि आई बांबोळीला आलो आणि रात्री पणजीला नातेवाइकांकडे राहिलो. आत्या एकटी होती. संध्याकाळी आईने वत्सलाकाकींना फोन करून विचारले, आत्या बरी आहे ना. फोनचा आवाज मोठा केलेला होता. काकी म्हणाल्या, "बरी आसा गो. दिवो लावलेलो दिसता मगे हंयसून."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. तो दिवा आत्याने लावलेला नव्हता, मी लावलेला होता, सहा महिन्यांपूर्वी. हे मला त्या क्षणी सुचले नाही. मी दमले होते. हे कारण आहे, समर्थन नव्हे.

आत्या दुपारी चारच्या सुमारास न्हाणीत पडली होती. सकाळी पाववाल्या पोदेराने उंडे घेऊन दारात तीनदा भोंगा वाजवला, ती आली नाही, तेव्हा तो आत डोकावला. त्यानंतर ती अकरा दिवस जगली.

बाराव्याला वत्सलाकाकी कोपऱ्यात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "दिवो पेटलेलो बघलंय, म्हणान सांगलंय." मी उठून त्यांना सांगायला हवे होते की दिवा आपोआप लागणारा होता, तुम्ही खोटे बोलला नाहीत, दिवा खोटे बोलला, आणि त्याला ते मी शिकवले. मला उठता आले नाही. आईने पुढे सांगितले, पण तोपर्यंत काकींनी आमच्याकडे येणे सोडले होते. ती कबुली मी येथे, दोन साक्षीदारांसमक्ष, देत आहे.

कलम ७. त्या दिव्याची सध्याची रचना अशी आहे. तो आता आपणहून लागत नाही. चौथऱ्याला एक जाड कळ आहे, विठूदादांनी जुन्या लिफ्टची आणून दिलेली. साडेपाच ते सातच्या दरम्यान माणसाने ती हाताने दाबली तरच दिवा लागतो. सातपर्यंत दाबली नाही तर माझ्या फोनवर घंटा वाजते. मी घरी नसले की आईची खुशाली मला एवढ्यावरूनच कळते.

कलम ८. बंधू गौरेश, जो मस्कतला नोकरीस आहे, त्यास पंपाचा, फाटकाचा आणि कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा फोनवर द्यावा. तुळशीच्या दिव्याचा देऊ नये. चवथीला आला असता त्याने त्या दिव्याला गुपचूप वेळ लावून ठेवली होती, रोज सहा वाजता आपोआप लागण्याची. मी विचारले तेव्हा म्हणाला, "आईक कशाक रोज वाकूक लावतंस? मी थंयसून लावतलंय. आणि तू गेल्यार ह्या वायरींच्या गुंत्याक कोण बघतलो?" गौरेश, तुझा राग नाही. तू प्रेमाने केलेस, मीही प्रेमानेच केले होते. म्हणून तर भीती वाटते.

कलम ९. माझ्यानंतर ती सातची घंटा कोणाच्या फोनवर वाजावी, हा प्रश्न मला सुटलेला नाही. मी गेल्यावर ती एका बंद फोनवर वाजत राहील, आणि आई चंद्रावती आत्यासारखीच कुठेतरी पडून राहील, या एका विचाराने माझी झोप उडते, शस्त्रक्रियेने नव्हे. मस्कतहून मेर ओलांडून कोणी येऊ शकत नाही. म्हणून मी एक लहान तांबडा दिवा तयार केला आहे. सातपर्यंत आमची कळ दाबली नाही तर तो पेटेल. तो वत्सलाकाकींच्या पडवीत बसवण्याची परवानगी आईने दिवाळीआधी मागितली. काकी म्हणाल्या, "नाका गे शालिनी. परत माज्या माथ्यार घालू नको." त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. तरीही तो दिवा मी त्यांच्या नावे करून ठेवत आहे. त्यांनी तो घ्यावा ही विनंती आहे, हक्क नव्हे. नाकारला तर माझ्यापाशी दुसरी तजवीज नाही.

कलम १०. माझ्या फोटोभोवती चमकणारी रंगीत माळ लावू नये. त्या माळा तकलादू असतात, आणि त्यांची लुकलुक मला कधीच आवडली नाही.

येथे मी सही करून पत्र संपवणार होते. परंतु आज संध्याकाळी जे घडले त्यामुळे आणखी एक कलम जोडावे लागत आहे.

कलम ११. आई रोज सकाळी येथे येते आणि दिव्याच्या वेळेपर्यंत घरी पोचेल अशा बेताने दुपारी तीनला निघते. आज डॉक्टरांनी तिला थांबवून घेतले. साडेसहाला तिचा म्हापशाहून फोन आला की पेडण्याची बस आत्ता सुटते आहे. दिव्याला उशीर होणार हे मला माहीत होते. सातला पाच कमी असताना फोन वाजला. ती घंटा नव्हती. दोन वर्षांत त्या नंबरावरून फोन आला नव्हता.

"सेजल मगे?"

"हय, काकी."

"तुमचो दिवो लागूक नाय! सात होवक इले. येवन बघलंय, तर दाराक कुलूप. न्हाणीयेच्या खिडकीतसून पण हाको मारलंय. शालिनी खंय?"

"आई बशीत आसा, काकी. उशीर झालो."

"मगे कळवूक नाका? मेर चढताना माजो जीव गळ्यात इल्लो." धाप लागलेली ऐकू येत होती. माझ्याइतकीच.

मी विचारले, "काकी, तुमी बघतात? दिवो?"

"बघूक कित्याक जाय? पडवेर बसलंय काय दिसताच मगे," त्या म्हणाल्या. आणि मग, "रोज दिसता."

मी म्हटले, "काकी, तेन्ना तो दिवो मी..."

"माका खबर आसा गो. शालिनीन सांगलां. तू दमा नको. जेवलंस?"

आई घरी पोचेपर्यंत त्या तुळशीपाशीच बसून होत्या. मी म्हटले, कळ दाबा, काकी, अंधारात कशाला बसता. त्या म्हणाल्या, "शालिनी येवंदे. तिचो दिवो ती लावतली." आठला सोळा मिनिटे कमी असताना आईचा फोन आला की ती पोचली आहे. सातनंतर ती कळ चालत नाही, ही माझ्या रचनेतली चूक आज कळली. आईने साधी तेलाची पणती लावली.

सबब कलम ९ मधील तांबड्या दिव्याची तरतूद मी रद्द करते. तो विठूदादांना द्यावा. घंटेसाठी वत्सलाकाकींचा नंबर घालून ठेवला आहे, परंतु तिची गरज पडेल असे वाटत नाही. कळ रात्री दहापर्यंत चालेल अशी दुरुस्ती कोणीतरी करावी. मीच परत आले तर मी करीन.

साक्षीदार:
१. संदीप भिकाजी आरोलकर, ग्रंथपाल, राहणार पेडणे
२. कोमल गावडे, परिचारिका, मूळ राहणार आमोणे, तालुका डिचोली
(दोघांच्या सह्या शनिवारी, नोटरींसमक्ष.)

लिहून देणार: सेजल पांडुरंग कांबळी

स्थळ: बांबोळी. अश्विनीताईंना फोनवरून पाठवले, बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी आठ वाजून नऊ मिनिटांनी.